जायफळाचं दूध

डिसेंबरात नंदुरबारला वास एकच, मिरचीचा.
पथारीवर लाल पसरलेलं असतं,
वारा फिरला की आमचा पाचवीचा वर्ग
हजेरी द्यायच्या आधी शिंकतो.
त्यात आज मी सहाणेवर जायफळ उगाळतेय
आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंय.

दार का,
तर टोपलीत नवापूरची बारा अंडी आहेत.
या घरात अंडं हा शब्दसुद्धा
उंबऱ्याबाहेरूनच परत जायचा.
माय पलीकडच्या खोलीत टीव्हीवर कीर्तन ऐकतेय,
ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा;
फेटण्याची खडखड त्यात बुडून जाते.
पंचावन्न वर्षांची मी,
आणि चोरून बलक वेगळा करतेय.

बारा वर्षांची होते. विषमज्वर.
मिशनच्या दवाखान्यात एकवीस दिवस.
सिस्टर सुवार्ता वळवी
रात्रपाळीला लोकरी मोजे घालून फिरायची,
पाऊल वाजू नये म्हणून.
स्टीलच्या ग्लासात पिवळं काहीतरी घोटायची,
त्यावर गरम दूध, बारीक धारेनं,
साखर,
मग किसणीवर जायफळ, दोनदा. तिसऱ्यांदा नाही.
काय आहे?
दूध.
पिवळं का?
गाय पिवळी होती.
मी हसले. त्या एकवीस दिवसांतलं पहिलं हसू.
नाताळच्या आदल्या रात्री तिनं उशाशी ठेवली
वर्तमानपत्रात बांधलेली चार बिस्किटं,
चव त्याच दुधाची,
दात लावायच्या आत विरघळणारी.
तीन मी खाल्ली. चौथं फ्रॉकच्या खिशात
घरी येईपर्यंत भुगा झालं.

तर मैदा, लोणी, साखर,
आटवून थंड केलेलं ते पिवळं दूध,
दालचिनी, दोनच लवंगा कुटून.
पीठ हाताला चिकटतं, चिकटू दे,
जास्त मैदा घातला तर ते नानकटाई होईल
आणि मला नानकटाई नकोय.

मुनाफभाईंच्या भट्टीवर माझा ट्रे सतरावा.
पुढे चर्चच्या बायका, केकचे डबे, नावांच्या चिठ्ठ्या.
कडक करू का, बाई?
नको, मऊ.
मग कच्ची वाटतात तेव्हाच काढावी लागतील,
ते म्हणाले, फळी आत सारत.
लोकांना धीर नसतो. खाली उतरवल्यावरही
शिजत असतं ते, आपलंआपलं.
बाहेर गल्लीत थंडीनं कुत्री एकमेकांवर रचलेली.
मी शाल घट्ट केली आणि
भट्टीच्या तोंडाकडे पाहत राहिले,
कडा जराशा तांबूस, मध्ये अजून ओलं.

घरी आले तर माय उठून बसलेली.
डबा उघडायच्या आधीच म्हणाली,
यामा काय शे?
दूध, मी म्हटलं.
तिनं एक घेतलं. बोळक्या तोंडात
घोळवत राहिली. फार वेळ.
टीव्हीतले महाराज टाळ्या मागत होते.

गाय पिवळी व्हती ना, ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं डब्याकडे.
माले तवयच माहीत व्हतं, पोरी.
ती बाई ग्लास लई येये,
मी खिडकीकडे तोंड फिराई लेऊ.
तुना जीव मोठा का मना नेम?
एवढंच. पुढे काही नाही.
दुसरं बिस्किट मात्र तिनं घेतलं नाही,
हात पदराला पुसले,
आणि मी विचारलंही नाही, का.

सुवार्ताबाई आता नवापूरला असतात, मुलाकडे.
गुडघे गेलेत, मोजे अजून लोकरीचेच असतील.
सकाळच्या एसटीनं जाईन म्हणते.
मोजून चोवीस ठेवली, तेवीस भरतात,
पुन्हा मोजली, तेवीसच.

रात्री दिवा घालवताना पलीकडून आवाज:
डबाले दोरी बांध.
यस्टीमा सांडाई जाई.